सेसना १७२ मधला अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर स्वतः बदलता येतो का?

अमेरिकन नोंदणीच्या जुन्या १७२ मधलं क्षितिज (म्हणजे अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर, विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण) उड्डाणात हळूहळू डावीकडे कलतं, वापरलेला जायरो (आतल्या फिरत्या रोटरवर चालणारं हेच उपकरण) आणून स्वतः बसवला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. हात तुमचे चालतील, सही चालणार नाही. एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने) मालकाला जी किरकोळ देखभाल करू दिली आहे, तिच्यात जायरो येत नाही. ए अँड पी (एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट, म्हणजे सांगाडा आणि इंजिन) परवान्याच्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली स्क्रू तुम्ही फिरवा, लॉगबुकात नोंद आणि सही त्याची. जायरो उघडून दुरुस्त करायची मुभा मात्र त्यालाही नाही. ते काम मान्यताप्राप्त रिपेअर स्टेशनचं.

पण दोष जायरोचाच आहे का, हे आधी बघा. दिशा दाखवणारा डायरेक्शनल जायरोही त्याच व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने ओढलेल्या हवेवर, फिरतो. दोन्ही बिघडले असतील तर घोळ व्हॅक्यूमच्या हवेत आहे; एकटं क्षितिजच कलत असेल तर बहुधा बेअरिंग. इंजिन बंद केल्यावर कॉकपिटमध्ये गप्प बसून ऐका. चांगला रोटर कित्येक मिनिटं गुणगुणत मंदावतो. खरखर आली किंवा चटकन थांबला, तर बेअरिंग गेलं.

सक्शन गेज (हे व्हॅक्यूम मोजणारं) साधारण ४.५ ते ५.५ इंच पारा दाखवायला हवं. कमी दिसलं की लोक व्हॅक्यूम कमी-जास्त करणारा रेग्युलेटर पिळतात, आणि तिथेच पंपाची वाट लागते. तुंबलेला असतो मुख्य फिल्टर; पंप जास्त ओढतो आणि त्याच्या कार्बनच्या पात्या लवकर तुटतात. आधी फिल्टर बदला, मग गेज वाचा.

काढताना रोटर पूर्ण थांबू द्या. फिरता जायरो हलवला की बेअरिंगवर खड्डे पडतात. टेबलावर दोन-तीन इंचांवरून आपटला तरी तो गेला म्हणा, त्यामुळे मूळ खोक्यातूनच न्या-आणा. होज आतून भुरभुरीत झाले असतील तर नवे घाला, आणि जायरो जोडलेला असताना लाइनमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारू नका. फिटिंगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, तिचा एक धागा आत गेला तरी पुरे. स्क्रू पितळेचे वापरा. लोखंडी स्क्रूने कंपास चुकतो.

वापरलेला घेताना मी तरी चकाकी बघणार नाही, ८१३०-३ फॉर्म (भाग वापरायला योग्य असल्याचा एफएएचा दाखला) बघेन. पार्ट नंबर आणि सीरियल नंबर मागच्या पट्टीशी जुळायला हवेत. फॉर्मवर ‘इन्स्पेक्टेड’ लिहिलं असेल तर तो ‘ओव्हरहॉल्ड’ नाही. पार्ट नंबरमधला डॅशनंतरचा आकडाही तपासा: पॅनेल तिरकं असेल त्या विमानांसाठी ८ अंशांचा जायरो येतो. सरळ पॅनेलमध्ये तो बसवला तर क्षितिज कायम चुकीचं.

तोच पार्ट नंबर घातला तर लॉगबुकातली नोंद पुरते. गार्मिन जी५ (इलेक्ट्रॉनिक क्षितिज) घालायचा असेल तर एसटीसी (विमानात असा बदल करायची एफएएची मंजुरी), ३३७ फॉर्म (मोठ्या बदलाची नोंद), वजन-समतोलाचा नवा हिशोब, आणि वेग-उंचीच्या उपकरणांना हवेचा दाब पोचवणारी पिटो-स्टॅटिक लाइन उघडल्याने गळती चाचणीही. व्हॅक्यूमच्या जायरोला ती लागत नाही, त्या लाइनशी त्याचा संबंधच नाही. (बारामतीसारख्या ठिकाणच्या व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीच्या विमानांना भारतीय नियामक डीजीसीएचे नियम लागू, तिथे सही परवानाधारक एएमईची, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याची.)

बसवल्यावर इंजिन सुरू करून ५ मिनिटांत क्षितिज सरळ उभं राहायला हवं, आणि टॅक्सीत वळताना ते ५ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. कललं तर उडू नका, आधी होज आणि फिटिंग पुन्हा बघा.