साडेतीन वर्षांची मुलगी बालवाडीत नुसती खेळते, काही लिहीत नाही. शाळा बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की लेक सोलापुरातल्याच एका बालवाडीत जाते, वही कोरी आहे आणि शेजारच्या मुलाचं मात्र 'ए टू झेड' लिहून झालंय. मी इथल्याच पूर्व भागात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, एकवीस वर्षं बालवाडी चालवली. कोरी वही बघून शाळा बदलू नका. खेळते म्हणजे नेमकं काय करते, ते आधी बघा.

मनगटात आठ हाडं असतात. जन्मतः ती सगळी नुसती कूर्चा असते, आणि एकेक करत हाड बनायला दहा-बारा वर्षं जातात. साडेतीन वर्षांच्या हाताला पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळतं, आणि मग आपणच म्हणतो, हिला धरता येत नाही. सुरुवातीला मी ज्या शाळेत होते तिथे आम्ही पोरांचे हात धरून पाटीवर 'ग' गिरवून घ्यायचो. पालक खूश. हात सोडला की 'ग' गायब.

नंतर माझ्याकडे एक चार वर्षांचा पोरगा आला. घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर. मराठीत एक ते पन्नास एका दमात म्हणायचा. आमच्याकडे पालकांनी मागावरच्या, सूत गुंडाळायच्या पिशवीभर रिकाम्या कांड्या आणून दिल्या होत्या. त्याला म्हटलं, "मला पाच कांड्या दे." त्याने ओंजळभर आणून माझ्या मांडीत टाकल्या. पन्नास हा त्याच्यासाठी श्लोक होता! मग खाऊच्या वेळी वाट्या मांडायचं काम त्याला दिलं. एक पोर, एक वाटी. पहिल्या दिवशी वाट्या उरल्या, दुसऱ्या दिवशी कमी पडल्या आणि एक पोरगी रडायला लागली. मी मध्ये पडले नाही. आठवड्याभराने तो प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत पुटपुटत होता, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु." त्या दिवशी पाच मागितल्या तेव्हा पाचच कांड्या आल्या.

यात नवं काही नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं ते कामगारवस्तीतच. चुकलं तर मुलाला स्वतःलाच कळावं, अशी त्यांची साधनं. ती महाग. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा बिया, शिंपले, पानं असल्या आजूबाजूच्या वस्तूंवरच भागवलं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि तिथे खेळातून, कृतीतून शिकवा असंच म्हटलंय.

पण 'ॲक्टिव्हिटी' या शब्दाला भुलू नका. बाईंनी कापलेला हत्ती, बाईंनीच लावलेला गोंद, पोराने फक्त बोट टेकवलं आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर. यात पोराने काय केलं? एक दिवस वर्गात तासभर बसायची परवानगी मागा. मुलं ओततात, निवडतात, लावतात, सांडतात का? सांडलेलं पुसायचं फडकं त्यांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आहे का? मी तरी आधी फडकंच शोधते. आणि मुलं आपसात बोलतात का, की सगळी हाताची घडी, तोंडावर बोट? हे तिथे दिसलं नाही, तर मात्र खुशाल शाळा बदला.

घरी वेगळं काही विकत आणू नका. भाकरी करताना ज्वारीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा तिला द्या. हे पीठ गव्हासारखं चिवट नसतं, थापताना कडा लगेच चिरतात. चिरलेली कड बघून ती पाणी लावेल, परत मळेल. तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. शेंगा सोलायला द्या, फक्त जवळ बसा, कारण या वयात दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. आणि आपल्याकडे टॉवेलांना काय तोटा? घड्या घालायला लावा. कोपऱ्याला कोपरा जुळवताना अर्धा, मग पाव, हे हाताला आधी कळतं. घडी तिरकी होईल. ती झोपेपर्यंत तरी सरळ करू नका.