आधी मकबऱ्यामागचा डोंगर चढ

प्रिय मुला,

परवा तू म्हणालास, "काका, मराठवाड्यात बघण्यासारखं आहे तरी काय? सुट्टी एका रविवारची, खिशात पाचशे रुपये, आणि मित्र हरिश्चंद्रगडाचे फोटो टाकतात. कुठं जाऊ तेच कळत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. हेच रडगाणं मी वीस वर्षं गायलोय.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बेगमपुऱ्यात आम्ही भाड्याने राहायचो. गच्चीवरून बीबी-का-मकबऱ्यामागचा लेण्यांचा डोंगर दिसायचा. वडील दर पावसाळ्यात म्हणायचे, "एकदा वर जाऊन येऊ." मी म्हणायचो, जवळच तर आहे, जाऊ कधीही. आधी त्यांचे गुडघे गेले, मग ते गेले. त्या पायऱ्या मी पहिल्यांदा चढलो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, एकटाच.

सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना छोटी छोटी माणसं कोरलीत. कुणावर हत्ती धावून आलाय, कुणाला साप आडवा आलाय, कुणाची नाव बुडतेय, आणि सगळी त्याचा धावा करताहेत. तासभर बसून होतो. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा आगीत सापडलेला माणूस दिसला. पहिल्यांदा तो नजरेतून सुटला होता. म्हणून सांगतो, एकदा बघून "झालं" म्हणू नकोस. पुन्हा जा.

देवगिरीचा किल्ला शहरापासून पंधरा किलोमीटर. शाळेच्या सहलीत गेला होतास, ठाऊक आहे. ती खेप धरू नकोस, पुन्हा जा. पावसात जा, आणि रस्त्याकडेला सीताफळाच्या पाट्या लागल्या की परत जा. अंधारीत, म्हणजे गडातल्या काळोख्या भुयारी वाटेत, घाई करू नकोस. वटवाघळांचा उग्र वास येतो, कातळ हाताला गार लागतो, आणि वळणावर पाय आपोआप जपून पडतो. पैठणहून एकनाथ गुरूसाठी याच गडावर आले, जनार्दनस्वामींकडे. पलीकडे सुलीभंजनच्या डोंगरावर नाथांनी तप केलं असं आपल्याकडे मानतात. हे सगळं तुझ्या दारात, आणि तू म्हणतोस काही नाही! राग येतो रे.

म्हैसमाळच्या थंड हवेच्या डोंगरावर पावसाळ्यातल्या रविवारी जाऊ नकोस, गाड्याच मोजत बसशील. पितळखोरा दिवाळीनंतर. लेणी दरीत आहेत, उतरावं लागतं, आणि पावसात ती वाट निसरडी होते.

लोक मला विचारतात, तीच टेकडी कितीदा चढता? हिमालय मी पाहिलेला नाही. त्याची खंत नाही, खरंच नाही. गोगाबाबाच्या टेकडीवर मी महिन्यातून दोनदा जातो, आणि श्रावणातलं गवत मार्गशीर्षात कसं पिवळं पडतं हे मला न बघता सांगता येतं. याला कुणी हट्ट म्हणालं तर म्हणो.

येत्या रविवारी सकाळी सहाला टेकडीच्या पायथ्याशी ये. चपला नकोत, बूट घाल. दोन लिटर पाणी घे, भाकरी-ठेचा मी आणतो. उतरलो की लेणी बघू. वडिलांनाही घेऊन ये. हळू चढू.

तुझा,
काका