अणुवीज प्रकल्पाच्या शेजारी राहताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, ५४० मेगावॉटच्या दोन मोठ्या भट्ट्या २००५-०६ मधल्या. त्या परिसरातून आणि राजापूर तालुक्यातल्या प्रस्तावित जैतापूर प्रकल्पाच्या बाजूने आलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

बोईसरला फ्लॅट घ्यायचा विचार आहे. पुण्याचे नातेवाईक घाबरवतात, बोईसरचे लोक म्हणतात, काही होत नाही. कोणाचं ऐकावं?

आधी अंतर पाहा. प्रकल्पाभोवती किमान एक किलोमीटरच्या पट्ट्यात कोणी राहत नाही; तारापूरला तो साधारण १.६ किमी आहे. त्यापुढे ५ किमीपर्यंत जुनी गावे राहतात, पण मोठी वस्ती वाढेल असे उद्योग येऊ देत नाहीत. १६ किमीपर्यंतच्या भागासाठी आणीबाणीचा आराखडा असतो. बोईसर स्टेशन प्रकल्पापासून दहा-बारा किलोमीटरवर, म्हणजे या तिसऱ्या पट्ट्यात येते. चिंचणी बरीच जवळ आहे.

आता भीतीबद्दल. दूरच्या माणसाला चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही अणुअपघातांची दोन नावे माहीत असतात. जवळच्याच्या चाळीतला कोणीतरी तिथे पाळीला जातो आणि संध्याकाळी घरी येतो, म्हणून त्याची भीती बोथट होते. सवयीला पुरावा समजू नका. आणि गप्प बसलेल्या गावाची संमतीच आहे, असेही धरू नका. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. पुनर्वसनातल्या घरांचा आणि नोकऱ्यांचा वाद कोर्टात गेला. त्या गावांचा राग मुख्यतः किरणोत्सर्गावर नव्हता, दिलेल्या शब्दावर होता. लोकांना ‘अज्ञानी’ ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे नीट समजून घ्यायला हवे.

एक सूचना: बोईसरला डोळे चुरचुरणे, उग्र वास, नाल्याचे रंगीत पाणी यांचा माग एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यांकडे काढा. किरणोत्सर्गाला वास नसतो, रंग नसतो. तक्रार चुकीच्या दारात गेली की खरा दोषी सुटतो.

लहान मुलांना रक्ताचा कॅन्सर होतो हे खरं का?

या प्रश्नाला ‘अफवा’ म्हणून उडवून लावणे चूक आहे. २००७ साली जर्मनीत १६ अणुवीज केंद्रांभोवतीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. केंद्रापासून ५ किमीच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांमध्ये रक्ताच्या कॅन्सरचे प्रमाण साधारण दुप्पट दिसले. २४ वर्षांत त्या पट्ट्यात रक्ताचा कॅन्सर झालेल्या अशा मुलांची संख्या ३७ होती. पण तिथली किरणोत्सर्गाची मात्रा इतकी कमी होती की तिने एवढी वाढ होईल, हे आजच्या ज्ञानात बसत नाही. ब्रिटनमधल्या तपासणीत तसा ठोस संबंध आढळला नाही. कारण अजून उलगडलेले नाही.

मात्रेचा अंदाज असा: प्रकल्पामुळे शेजाऱ्याला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (हे किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचे एकक) जास्त मात्रा मिळू नये, ही भारतातली मर्यादा आहे. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून प्रत्येकाला मिळणारी नैसर्गिक मात्रा जगात सरासरी २.४ आहे. छातीच्या एका सीटी स्कॅनमधून साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट मिळतात. दूध, भाजी, मासळी, पाणी यांचे नमुने प्रकल्पाजवळची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तपासते. ग्रामसभेने लेखी मागावे ते आपल्या गावातल्या नमुन्याचे आकडे, तारखेसह. नुसत्या ‘सर्व सुरक्षित’ या पत्रावर समाधान मानू नये.

आयोडीनची गोळी आधीच घेऊन ठेवली तर? रोज घेतली तर?

रोज मुळीच नको. थायरॉइड बिघडेल. ही गोळी फक्त किरणोत्सर्गी आयोडीन थायरॉइडमध्ये साठू देत नाही. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थांवर तिचा काही उपयोग नाही. मोठ्यांना व १२ वर्षांपुढच्या मुलांना १०० मिलिग्रॅम आयोडीन, ३ ते १२ वर्षांना ५०, महिना ते ३ वर्षांना २५, नवजाताला १२.५. हे आकडे आयोडीनचे आहेत. गोळीवर क्षाराचे (पोटॅशियम आयोडाइडचे) वजन लिहिलेले असते, ते जास्त असते. संपर्क सुरू होण्याच्या आधीच्या २४ तासांत किंवा नंतरच्या दोन तासांत घेतली तर उत्तम, आठ तासांपर्यंत थोडाफार फायदा. एक दिवस उलटल्यावर घेतल्यास तोटाच. लहान मुले, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायका यांना आधी द्यायची. आदेश आल्याशिवाय गोळी तोंडात टाकू नका. टिंक्चर आयोडीन हे विष आहे, ते पिऊ नये.

भोंगा वाजला तर गाडी काढून पळायचं ना?

नाही. आधी घरात जा. दारे-खिडक्या लावा, कूलर, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करा. बाहेरून आला असाल तर कपडे काढून पिशवीत बांधा, हात-तोंड-केस धुवा. अन्नपाणी झाका, गुरे गोठ्यात घ्या. रेडिओ लावा.

१६ किमीचे वर्तुळ साडेबावीस अंशांच्या १६ तुकड्यांत विभागलेले असते आणि वाऱ्याच्या दिशेचे तुकडेच आधी हलवतात. बोईसर प्रकल्पाच्या पूर्व-आग्नेयेला आहे. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारा असतो, तेव्हा बोईसरला धोका अधिक. रात्री बहुधा उलट. सगळेच एका रस्त्यावर आले तर ज्यांना खरेच हलवायचे ते अडकतात. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांमुळे झालेल्या मृत्यूंची अधिकृत नोंद २,३०० च्या पुढे आहे. त्यात वृद्ध आणि रुग्णच फार.

प्रकल्पाबाहेरच्या आणीबाणीत जिल्हाधिकारी प्रमुख असतात. दर दोन वर्षांनी रंगीत तालीम व्हायला हवी. तिच्या वेळी सरपंचांना विचारा: आपला तुकडा कोणता, एकत्र जमायची जागा कुठली, गोळ्या कोणाच्या ताब्यात, अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार? शेवटच्या प्रश्नाला माणसाचे नाव मिळेपर्यंत उठू नका.

राजापूर तालुक्यात आम्ही मासेमारी करतो. प्रकल्प आला तर मासळी जाईल?

तुमची शंका रास्त आहे. भट्टीत तयार झालेल्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच वीज होतो, बाकी थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्यातून बाहेर जाते. जैतापूरला प्रत्येकी दीड हजार मेगावॉटहून मोठ्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत, तेव्हा पाण्याचा लोंढा प्रचंड असेल. गरम पाण्याच्या तोंडाशी मासळीची जात बदलू शकते. पाणी आत ओढताना अंडी आणि पिलेही जातात. म्हणून गरम पाणी सोडतात त्या तोंडावरचे नव्हे, तिथून ठराविक अंतरांवरचे तापमान मागा. तेही भरती आणि ओहोटी दोन्ही वेळचे. काम सुरू होण्याआधीच जेटीवरच्या मासळीची जातवार, महिनावार वजने सोसायटीच्या वहीत लिहायला लागा. आधीची नोंद नसेल तर नुकसान सिद्ध होत नाही. सुरक्षेसाठी मासेमारीला बंद होणारे पाणी आणि वळशाचे डिझेल हाही नुकसानीचाच भाग आहे, तो मागणीत घाला.

घराच्या विम्यात अणुअपघात धरतात का?

नाही, नेहमीच्या पॉलिसीत तो वगळलेला असतो. भरपाईची जबाबदारी कायद्याने प्रकल्प चालवणाऱ्यावर आहे आणि त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. तरी सातबारा, घरपट्टीची पावती, होडीची नोंदणी यांच्या प्रती १६ किमीच्या बाहेर कोणाकडे तरी ठेवा.