रक्त पाहून भोवळ येणे हा हृदयाच्या ठोक्यांचा आजार आहे का?

आपल्या १९ वर्षांच्या मुलीला रक्त काढून घेताना भोवळ आली, पुढे टिल्ट टेबल चाचणीत (फळीवर झोपवून, मग फळी उभी करून ठोके व रक्तदाब पाहतात ती) तिचे हृदय ६ सेकंद थांबल्याची नोंद झाली, तेव्हा हा ठोक्यांचा आजार समजायचा का आणि पेसमेकर बसवावा लागेल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. पण माझ्या अहवालातही असाच खंड होता आणि त्या कागदापायी मी बऱ्याच रात्री जागून काढल्या.

अशा भोवळीत हृदयाची विद्युतयंत्रणा सहसा निरोगी असते. व्हेगस नावाची मज्जातंतू तिला एकाएकी थांबण्याचा हुकूम देते आणि ती तो पाळते, एवढेच. त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाबही कोसळतो, म्हणून पेसमेकर ठोके सांभाळू शकला तरी दाबाचे त्याच्या हाती नसते. त्याचा विचार प्रामुख्याने चाळिशीनंतर, वारंवार आणि पूर्वसूचनेशिवाय पडणाऱ्यांसाठी होतो.

ठोक्यांच्या खऱ्या आजारात बिघाड हृदयातच असतो. मळमळ, घाम, जांभया, डोळ्यांपुढे अंधारी असा क्रम असेल, तर बहुधा व्हेगसमुळे येणारी, पहिल्याच प्रकारची भोवळ असते. धावताना, आडवे असताना किंवा छातीत अचानक धडधडून शुद्ध गेली असेल, अथवा घरात कुणी तरुणपणी अकस्मात दगावले असेल, तर मात्र तपास थांबवू नये. भीतीने भोवळ आली म्हणजे ती निरुपद्रवी, असेही धरून चालू नये: लाँग क्यूटी या आनुवंशिक आजारात पोहताना किंवा गजराच्या कर्कश आवाजाने दचकून ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात, आणि अशा मुलांना घाबरट ठरवले जाण्याचा धोका असतो. म्हणून मुलीच्या ईसीजीतील क्यूटी अंतर (ठोक्याची विद्युत-हालचाल सुरू होऊन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, जो या आजारात लांबतो) मोजले आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. मात्र एकच ईसीजी ठीक आला म्हणून हा आजार नाहीच, असे म्हणता येत नाही.

तूर्त तिने भरपूर पाणी प्यावे, रक्त झोपूनच द्यावे आणि अंधारी येताच आडवे व्हावे. ते शक्य नसेल तर पायांची अढी घालून मांड्या आवळाव्यात. आपल्याकडे कांदा हुंगवताना माणसाला धरून बसते करतात, ते मात्र टाळावे, कारण डोक्याकडे रक्त पोहोचायला तेव्हा आडवे असणेच गरजेचे असते.