जावळीत उतरायचं कसं?

प्रश्न : मी ६३ वर्षांची, नाशिकची. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. महाबळेश्वर तीनदा पाहिलं, पण प्रत्येक वेळी पॉइंटवरून धुकं बघून परत आले. यंदा नातू चौथीत आहे. शिवाजी महाराज आणि अफझलखानाचा धडा झाल्यावर त्यानं विचारलं, "आजी, ते जंगल अजून आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. डिसेंबरात आम्ही सहा जण चार दिवस मोकळे आहोत. जंगल नेमकं कुठून बघावं? वासोट्याचा किल्ला मला झेपेल का? माझे गुडघे कुरकुरतात. आणि आजूबाजूला काय काय करता येईल?

उत्तर : ताई, नातवाला सांगा, आहे. बरंचसं आहे. माझं आजोळ तापोळ्याच्या बाजूचं, त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल, तेवढं सांभाळून घ्या.

जावळी म्हणजे कमान असलेलं, तिकीट काढून आत जायचं एक जंगल नव्हे. महाबळेश्वरच्या डोंगरापासून दक्षिणेला कोयनेच्या काठाकाठानं गेलेलं ते सबंध खोरं आहे. वरच्या पॉइंटवरून ते हिरव्या गोधडीसारखं सपाट दिसतं. तुम्ही तीनदा जाऊनही हाती काही लागलं नाही ते त्यामुळेच. हे रान खाली उतरून, झाडांच्या बुडाशी उभं राहून बघायचं असतं. चारपैकी एक अख्खा दिवस फक्त त्यालाच द्या, पॉइंट दोन कमी झाले तरी चालतील.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर क्षेत्र महाबळेश्वराला जा. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांची धार एकत्र पडते. तिथं नातवाच्या ओंजळीत पाणी द्या आणि त्यातली कोयना लक्षात ठेवायला सांगा. पुढचे दोन दिवस तीच तुमच्या सोबत असणार आहे. मग आंबेनळी घाटानं प्रतापगडाकडे उतरा. जावळी महाराजांनी घेतली १६५६ मध्ये, चंद्रराव मोऱ्यांकडून, आणि लगोलग मोरोपंत पिंगळ्यांना सांगून हा गड बांधवून घेतला. गडावर भवानीचं देऊळ आहे, बुरूज आहेत, ते तुम्ही बघालच. माझा आग्रह आहे तो गड उतरल्यावर पार गावात जाण्याचा. गर्दी गडावरूनच परत फिरते, पारला फारसं कुणी जात नाही. तिथं रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि कोयनेवर दगडी कमानींचा पूल आहे, शिवकाळातला म्हणून ओळखला जाणारा. कोयना तिथं अगदी लहान आहे.

त्या पुलावर उभं राहून नातवाला धडा पुन्हा सांगा. खानाची फौज वाईहून वर चढली आणि रडतोंडीच्या घाटानं याच पारला उतरली. घाटाच्या नावातच सगळं आलं! हत्ती, तोफा, घोडदळ ही विजापूरकरांची ताकद होती आणि ती सगळी मोकळ्या मैदानावरची. इथं घोडा घोड्यामागं एकेक करून चालवावा लागतो. दहा पावलांपलीकडे माणूस दिसत नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला गडावरून इशारत झाली तेव्हा मावळे या रानात दबा धरून बसलेले होते, आणि खाली तळ दिलेल्या फौजेला ते दिसतच नव्हते. शामियान्यातली भेट सगळ्यांना पाठ असते. पण खानाला मैदान सोडून या झाडीत उतरायला लावलं, ती खरी अर्धी लढाई होती. मुलांना हे जागेवर नेऊन दाखवलं की लगेच समजतं.

आता दहा पावलांचं. मी नातवाएवढी असताना मामाबरोबर रानात जायची. मामा पुढं, मी मागं. पायवाट कारवीत शिरली की मामा दिसेनासा व्हायचा. कारवी माणसाच्या डोक्यावर जाते, काठ्या बोटभर जाड, पानं खरखरीत, आणि इतकी दाट की तिच्याच काठ्यांचे कूड करून आम्ही घराच्या भिंती लिंपायचो. मामाच्या कोयत्याचा आवाज तेवढा यायचा, खट्, खट्, आणि त्या आवाजाच्या मागं मी चालायची. आवाज थांबला की पोटात गोळा यायचा. वासोट्याच्या वाटेवर कारवी लागेल. तिथं नातवाच्या बाबांना वळणापुढं जाऊन उभं राहायला सांगा आणि नातवाला विचारा, बाबा दिसतात का? पायवाट मात्र सोडू देऊ नका.

वासोट्याचा दिवस दुसरा किंवा तिसरा ठेवा. मुक्काम बामणोलीला करा. सातारहून कासमार्गे रस्ता आहे. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीनं पलीकडे जायचं, साधारण तास-सव्वा तास लागतो. भाडं माणशी नसतं, बोटीचं असतं, त्यामुळे तुम्हा सहा जणांच्या जोडीला आणखी कुणी मिळालं तर स्वस्त पडेल. किल्ला कोयना अभयारण्यात येतो, म्हणून वन खात्याची परवानगी लागते, ओळखपत्रं जवळ ठेवा. पलीकडच्या काठावर प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात आणि परत येताना पुन्हा मोजतात. चिडू नका, त्यामुळेच ती वाट स्वच्छ राहिली आहे. गडावर मुक्काम करता येत नाही. संध्याकाळच्या आत बोटीत परत यावं लागतं, म्हणून सकाळी पहिल्या बोटीनं निघा.

तुमच्या गुडघ्यांबद्दल स्पष्टच सांगते. पूर्ण गड चढू नका. चढ दोन-अडीच तासांचा आहे, पण त्रास चढताना होत नाही, उतरताना होतो. सुटे दगड, वाळलेला पाला, आणि पाय एकसारखा वाकलेला. मात्र काठावर बसूनही राहू नका. सुरुवातीची वाट बरीचशी सपाट आहे आणि गर्द सावलीतली आहे. ओढ्याजवळ मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत, तिथपर्यंत जा. मला विचाराल तर वासोट्याचं सगळ्यात सुंदर रान तिथंच आहे. भर दुपारीही उजेड खाली नाण्यांएवढ्या ठिपक्यांनी पडतो. जांभूळ, अंजनी, हिरडा ओळखता येतात का बघा. आम्ही हिरडे वेचून विकायचो, वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातून निघायचे. शेकरू दिसलं नाही तरी ऐकू येईल, वरून टकटक ओरडतं. सोबतीला घरातलं एक माणूस असूच द्या, एकटीनं बसू नका. या रानात अस्वलं आणि गवे आहेत.

बाकीचे वर जाऊन आले की त्यांना बाबूकड्याबद्दल विचारा. इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला तो प्रचंड कडा आहे, पलीकडे जुना वासोटा. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा गड घेतला. आणि त्याआधी काही वर्षं पेशव्यांच्या बापू गोखल्यांविरुद्ध हाच गड एका बाईनं लढवला होता, ताई तेलिणीनं. शाळेच्या पुस्तकात ती नाही. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणखी एक, बोटीत बसल्यावर. हे पाणी मुळातलं नाही. कोयना धरण झालं तेव्हा ते गावांवर चढलं. आई तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. पुढं मे महिन्यात पाणी उतरलं की आजी आम्हाला काठावर न्यायची. चिखलातून घरांची जोती वर आलेली असायची. एका जोत्याच्या कोपऱ्यात उखळ होतं, गाळानं काठोकाठ भरलेलं. आजी वाकून दोन बोटांनी त्यातला गाळ काढायची, दर वर्षी, आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा बुडणार हे तिला ठाऊक असायचं. "हे आपलं," एवढंच म्हणायची. डिसेंबरात पाणी भरलेलं असेल, तुम्हाला काही दिसणार नाही. पण बोटवाल्याला विचारा, 'दादा, खाली कुठलं गाव होतं?' तो सांगेल. गड बघायला आलेली माणसं हा प्रश्न विचारत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

चौथा दिवस साताऱ्याला. सज्जनगड करा, वाहनतळापासून पायऱ्या आहेत, सावकाश चढलात तर जमतील. कंदी पेढे घ्याच.

प्रश्न : आम्ही ठाण्याचे पाच मित्र. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी एक दिवस कासची फुलं आणि एक दिवस वासोटा असं बसवायचं आहे. जमेल?

उत्तर : नाही जमणार बाळांनो. कासचा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते. ओढे भरलेले असतात, जळवा असतात. दोन्हीपैकी एक निवडा. कास निवडलंत तर मधल्या वारी या, ऑनलाइन नोंदणी आधी करा. शनिवार-रविवारी पठारावर फुलांपेक्षा माणसं जास्त असतात. आणि गुडघे टेकून बघा, उभ्यानं नुसता रंगाचा पट्टा दिसतो. सीतेची आसवं नखाएवढी असतात. त्यांच्या बुडाला मातीत बारीक फुगे असतात, त्यात ती वनस्पती सूक्ष्म किडे पकडते, कारण कातळावरच्या त्या बोटभर मातीत तिला पुरेसं खायला मिळत नाही. फोटोसाठी कुणी फुलांत बसलं तर तो एवढासा थर निघून येतो आणि खाली नुसता जांभा उरतो. वासोट्याला डिसेंबर-जानेवारीत पुन्हा या.

प्रश्न : आम्ही इंदूरचे. फोनच्या नकाशात 'जावळी' टाकलं आणि मेढ्याला जाऊन पोचलो. तिथं बाजारपेठ आणि सरकारी कचेऱ्या! जंगल कुठं गेलं?

उत्तर : तुमच्यासारखे बरेच जण फसतात. मेढा हे आजच्या जावळी तालुक्याचं मुख्य ठिकाण. चंद्रराव मोऱ्यांचं जावळी गाव मात्र आता महाबळेश्वर तालुक्यात येतं, प्रतापगडाच्या बाजूला. लहानसं गाव आहे. पुढच्या वेळी नकाशात प्रतापगड टाका, कुंभरोशीपर्यंत या आणि तिथं गावातल्या माणसाला विचारा. तिकडे फोनला रेंज असेल-नसेल, माणूस भेटेल. पेट्रोल आणि रोख पैसे महाबळेश्वरातच घेऊन ठेवा.

प्रश्न : कोयनेचं रान आता व्याघ्र प्रकल्पात आहे म्हणतात. मुलांना वाघ दाखवायचा आहे. कुठली सफारी घ्यावी?

उत्तर : कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, हे खरं. पण वाघ बघायचाच असेल तर मुलांना ताडोब्याला न्या. आमचं रान डोंगरउताराचं आणि दाट आहे, वीस हातांवरचा गवासुद्धा फांद्या मोडल्या तेव्हाच कळतो. इथं मुलांना चिखलातले ठसे बघायला शिकवा. ओढ्याकाठी सकाळी सांबराचा ठसा मिळतो, दोन लांबट खूर, टोकाशी निमुळते. त्याच्या शेजारी मुलाला स्वतःचा पंजा ठेवून बघू द्या.