टिकावाचा टिकाव लागंना!

प्रश्न दहिवडीजवळच्या एका शेतकरी मित्राचा आहे. गोठ्याच्या खांबांसाठी खड्डे काढताना त्याचे चुलते म्हणाले, "या मुरमापुढं टिकावाचाबी टिकाव लागंना." सगळे हसले, याच्या डोक्यात मात्र किडा शिरला. 'टिकाव लागणे' हे खणायच्या टिकावावरूनच आलं का? जाता जाता हेही विचारलंय की टिकाव, कुदळ आणि पहार यांत फरक काय. पुण्याहून आलेले पाहुणे सगळ्यालाच कुदळ म्हणतात.

चुलत्यांचा विनोद फक्कड, पण तो जमला तो दोन वेगळे शब्द एकसारखे दिसतात म्हणून. 'टिकाव लागणे'मधला टिकाव 'टिकणे' या क्रियापदाचा. ठरणे-ठराव, जमणे-जमाव, उठणे-उठाव, तशीच ही घडण. त्याच्या शेजारी 'निभाव लागणे' ठेवून पाहा. निभाव नावाचं अवजार कुठल्याही लोहारानं आजवर घडवलेलं नाही, तरी दोन्ही वाक्यं हुबेहूब सारखी चालतात.

लिंगावरून फरक कळत नाही, दोन्ही पुल्लिंगी. मोजायला गेलं की कळतो. "ट्रॉलीतनं दोन टिकाव काढ" म्हणता येतं. "आमचे दोन टिकाव लागले नाहीत" म्हणून बघा बरं! शिवाय अवजार असेल तर टिकाव आपण मारतो, घालतो. तो 'लागला' म्हटलं की ऐकणारा आधी पायाकडे बघतो.

अवजार दणकट, टिकतं, म्हणून त्याचं नाव टिकाव, असंही कुणीतरी सांगेल. मी पुरावा मागेन. टिकण्यावरच नाव पडायचं तर पहारीचा हक्क मोठा; टिकावाचा दांडा तरी मोडतो, पहारीला मोडायला दांडाच नाही.

आता फरक. आमच्या माण-आटपाडीच्या बाजूला दोन तोंडांचा तो टिकाव: एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं, मधल्या भोकात बाभळीचा दांडा. एकाच बाजूला पातं असलेली ती कुदळ. हा शब्द संस्कृत 'कुद्दाल'चा, आणि मान तिलाच: पाया खणायचा तर नारळ फोडून कुदळच मारतात, टिकाव मारल्याचं मी तरी ऐकलं नाही. कराड-वाळव्याच्या काळ्या रानात हरळी खणायला कुदळ पुरते. मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगडच. तिथं आधी पहारीनं भेग पाडायची, मग टिकावाच्या टोकानं उचकटायचं, चपट्या बाजूनं खड्ड्याच्या कडा तासायच्या आणि खोऱ्यानं माती घमेल्यात ओढायची. हा क्रम उलटा केला की मनगटं बोलायला लागतात.

पहार म्हणजे पाच फुटांच्या आसपासची सलग लोखंडी सळई, टोकाला धार. ट्रॅक्टरवाले ती सोबत ठेवतात ते खणण्यापेक्षा उचकटण्यासाठी. पलटी नांगराच्या फाळात दगड अडकला, की इंजिन बंद करून पहारीचा रेटा द्यायचा. (नांगर नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेला असेल तर खाली हात घालू नका, आधी लाकडी ठोकळा सारा. शब्दचर्चेत हे बसत नाही, पण राहवत नाही.) पेटीतली आखूड दांडी, पान्याला जोर द्यायची, ती 'टॉमी'. हा शब्द सरळ इंग्रजीतून गॅरेजमार्गे आला. त्याला मराठी प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत पडू नये.

पुढचा प्रश्न मीच ओळखतो: पहारेकऱ्याच्या हातात पहार असायची का? नाही. पहारा आला 'प्रहर'वरून, पाळीपाळीनं जागायचं म्हणून. विभक्ती लावली की दोघं लगेच वेगळे होतात: दगड हलतो तो पहारीनं, रात्रभर जागतात ते पहाऱ्यावर.