सायप्रसचं सुजूकोस करायचंय? आधी कॉर्नफ्लॉरचा डबा बंद करा

प्रश्न असा आहे: "सायप्रसच्या पारंपरिक गोड पदार्थांपैकी घरी सहज काय करता येईल? आणि सुजूकोस म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या बदामांवर कॉर्नफ्लॉर घातलेली द्राक्षाची जेली चढवायची, एवढंच ना?"

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण हा वाद मी फार वर्षं घालत आलोय. नाही. सुजूकोसमध्ये असतं गव्हाचं पीठ, ताजा द्राक्षरस आणि बदाम किंवा अक्रोड. साखर नाही, रंग नाही. कॉर्नफ्लॉर घालणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: पटकन दाटतं, चकाकतं. दाटतं हे खरंच. पण कॉर्नफ्लॉरची खळ गार झाली की कडक थिजते आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडायला लागते. हे पाणी बदाम आणि थराच्या मधे साचतं आणि थर दोऱ्यावरून मोज्यासारखा खाली घसरतो. सुकवून टिकलाच, तर वाकवल्यावर तडकतो. गव्हाच्या पिठात स्टार्चबरोबर प्रथिनंही असतात, त्यामुळे थर चिवट राहतो. सुजूकोस वाकवलं की वाकलं पाहिजे आणि सुरीने कापताना सुरीला थोडं धरलं पाहिजे.

आता रस. सायप्रसमध्ये हे काम द्राक्षांच्या हंगामात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्रोदोस डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरच्या ओमोदोस, आर्सोस, वूनी अशा वाइनच्या गावांत चालतं. द्राक्षं बहुधा झिनिस्तेरी (पांढरी) किंवा मावरो (काळी). रस त्याच दिवशीचा हवा. रात्रभर उबेत राहिला तर आंबायला लागतो, साखर कमी होते आणि वासही बदलतो. खोक्यातला तयार रस आणू नका.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते यापुढच्या टप्प्यावर, कारण बहुतेक पाककृतींत तो गाळलेला असतो. द्राक्षरसात टार्टारिक आम्ल असतं. आंबट रसात पीठ घालून बराच वेळ उकळलं तर आम्लामुळे स्टार्चच्या साखळ्या तुटतात आणि दाटलेलं मिश्रण पुन्हा पातळ होतं. मग माणूस घाबरून आणखी पीठ ओततो आणि शेवटी हाती लागतो गोड लगदा. जुन्या बायका यावर रसात पांढरी माती टाकत. ती चुनखडीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. रस तापत आला की ती घालायची, वर भराभर फेस येतो, तो काढून टाकायचा आणि रस उतरवून रात्रभर थंड जागी स्थिर ठेवायचा. आम्ल कॅल्शियमशी जोडलं जाऊन तळाशी बसतं. सकाळी वरचा नितळ रस हलक्या हाताने ओतून घ्यायचा, तळाचा गाळ अजिबात हलवायचा नाही.

घरी करताना लिटरला २ ते ३ ग्रॅम खाद्य दर्जाचं कॅल्शियम कार्बोनेट पुरतं. १ ग्रॅम टार्टारिक आम्लाला सुमारे पाऊण ग्रॅमहून थोडं कमी लागतं, त्यामुळे एवढ्यात ३ ते ४ ग्रॅम आम्ल निघतं आणि किंचित आंबटपणा उरतो. तो उरायलाच हवा, नाहीतर पदार्थ मचूळ लागतो. फळ्यावरचा खडू वापरू नका, तो बहुधा जिप्समचा असतो. पानाचा चुनाही नको. तो खूप जास्त अल्कधर्मी असल्याने प्रमाण जरा चुकलं की रस तपकिरी पडतो आणि साबणासारखी चव येते.

पिठाचं प्रमाण: १ लिटर नितळ रसाला १२० ते १३० ग्रॅम चाळलेला मैदा. पीठ पूर्ण थंड रसात कालवायचं, गाळून घ्यायचं, मगच आचेवर चढवायचं. गरम रसात पीठ टाकलं की दाण्याभोवती पापुद्रा धरतो, आत कोरडं राहतं आणि कितीही घोटलं तरी गुठळी मोडत नाही. जाड बुडाचं, उभट आणि अरुंद भांडं घ्या, कारण पुढे माळ त्यात पूर्ण बुडायला हवी. मध्यम आच, लाकडी उलथनं, तळ सतत खरवडत राहायचं. दाटायला लागल्यावर निदान २० मिनिटं शिजवा. पिठलं रटरटतं तसे जड बुडबुडे यायला हवेत आणि कच्च्या पिठाचा वास पूर्ण जायला हवा. गार बशीवर थेंब टाकून बोट फिरवा. रेघ मिटली नाही तर झालं. शेवटी लिटरला एक मोठा चमचा गुलाबपाणी. याला पालूझेस म्हणतात. वाटीत ओतून, वर अक्रोडाचे तुकडे टाकून गरम खाल्लं जातं, आणि माझ्या मते सुजूकोसपेक्षा हेच जास्त चांगलं लागतं.

साखर का नाही? रसात ती भरपूर असतेच. वरून आणखी घातली की ती पाणी धरून ठेवते, पिठाचा दाणा उशिरा फुलतो आणि थर मऊ, चिकट राहतो. "आमच्याकडे चार चमचे घालतात" हे ऐकलंय, आणि ते चिकट सुजूकोसही पाहिलंय.

बदाम आदल्या रात्री भिजवा, नाहीतर सुईने फुटतात. जाड सुती दोऱ्यात ओवा, खालच्या टोकाला गाठ, वर लटकवायला फास. मग ओवलेल्या माळा दिवस-दोन दिवस वाळवा. हे टाळलं तर दोन गोष्टी होतात: ओल्या सालीवर पहिला थर बसत नाही आणि आतल्या ओलीने पुढे बुरशी येते. घरी २५ ते ३० सेंटिमीटरची माळ पुरे. गावातल्या माळा याहून बऱ्याच लांब असतात, पण त्यांच्याकडे तेवढी कढई असते.

माळ गरम पालूझेसमध्ये बुडवा, सावकाश वर काढा, काठीला टांगा, खाली ताट ठेवा. पहिला थर पातळच बसतो. तो हाताला लागेनासा झाला की दुसरा. असे चार-पाच थर. मिश्रण गार झालं की ते गोळ्यांनी चिकटतं, तेव्हा भांडं मंद आचेवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थर द्यायचे असतील तर ताजं पालूझेस करा. कालचं गरम करून सारखं होत नाही. नंतर वारा लागेल अशा सावलीत ५-६ दिवस सुकवायचं. कडक उन्हात वरची साल आधी कडक होते आणि आतली ओल अडकते. नीट सुकलेल्या सुजूकोसवर पुढे पांढरी भुकटी दिसते, ती द्राक्षसाखर आहे, टाकून देऊ नका. बुरशी मऊ, केसाळ आणि हिरवट-करडी असते, वासही येतो.

महाराष्ट्रात करायचं तर मार्चमध्ये, नाशिक-सांगलीकडची गोड द्राक्षं आणि कोरडी हवा एकत्र मिळते तेव्हा. ५ किलोंतून साधारण ३ लिटर रस निघतो. बियांची द्राक्षं मिक्सरला लावू नका, बी भरडली की तुरट होतं. मुंबई-कोकणात पंखा लावूनही धड सुकणार नाही. तिथे पालूझेस करून खा.

"सहज काय होईल" हा तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. महालेपी. १ लिटर पाणी, ७५ ग्रॅम कॉर्नफ्लॉर (इथे ते शोभतं), साखर न घालता अर्धपारदर्शक होईतो शिजवायचं, वाट्यांत थंड करायचं, खाताना वरून गुलाबाचं सरबत ओतायचं. पाणी सुटलं तरी चालतं, सरबतातच तर खायचं असतं. शामिशी म्हणजे मैद्याच्या पातळ पारीत शिजवलेला गोड रवा भरून तळलेली चौकोनी घडी. जत्रेतला पदार्थ, पारी लाटता येणाऱ्याला अवघड नाही. हिरव्या अक्रोडाचा पाकातला मुरवलेला गोड पदार्थ मोह पाडतो, पण त्याला आतलं कवच धरण्याआधीचे, टाचणी आरपार जाणारे अक्रोड लागतात आणि कडूपणा जायला आठवडाभर पाणी बदलत बसावं लागतं. लुकूमी (टर्किश डिलाइटसारख्या मऊ वड्या) विकतच आणा. सायप्रसमधल्या येरोस्किपू गावच्या लुकूमीला २००७ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालंय, घरी ती सर येत नाही.

आणि हो, पिठात थोडं स्टार्च मिसळणारी घरं सायप्रसमध्येही आहेत, हे कबूल. थोडं म्हणजे पिठाच्या जोडीला, पिठाच्या जागी नाही. उरलेलं पालूझेस ताटात बोटभर जाडीचं पसरा, थिजलं की वड्या पाडून सुकवा. त्याला क्योफ्तेर्का म्हणतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने माळांच्या आधी तेच करून बघावं. दोरा नाही, घसरायचा प्रश्नच नाही.